रंगीत तालीम: मोठ्या ट्रायथलॉनआधी छोटी शर्यत कशी करावी

सरावात पोहणं होतं, सायकल होते, धावणंही होतं. राहून जातं ते या तिघांच्या मधलं. ओल्या, थरथरत्या बोटांनी हेल्मेटची क्लिप लावणं, शेकडो सायकलींतून आपली शोधणं, पुढच्याची टाच गॉगलवर बसल्यावरही श्वासाची लय सांभाळणं, पोटात एनर्जी जेल ढवळत असताना धावायला लागणं. या गोष्टी घरी करून बघता येत नाहीत, आणि मोठ्या शर्यतीत पहिल्यांदा करायला गेलात तर अंगाशी येतात. म्हणून आधी एक छोटी शर्यत.

अंतरं एकदा समोर ठेवू. स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी धावणं. ऑलिम्पिक किंवा स्टँडर्ड म्हणजे १.५, ४० आणि १० किमी. हाफ म्हणजे १.९, ९० आणि २१.१ किमी. फुल म्हणजे ३.८, १८० आणि ४२.२ किमी. हा लेख मुख्यतः ऑलिम्पिक करून हाफकडे जाणाऱ्यांसाठी आहे. फुलवाल्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

१. कोणती शर्यत, किती आठवडे आधी

हाफच्या ३ ते ५ आठवडे आधी ऑलिम्पिक, हे सर्वांत सोयीचं गणित. थकवा उतरायला आठवडा मिळतो, चुका दुरुस्त करायला दोन आठवडे मिळतात, मग टेपर (शर्यतीआधी सराव कमी करत आणणं) सुरू. स्प्रिंट असेल तर दोन आठवडे आधीही चालते. फुल करणाऱ्यांनी तालमीसाठी हाफ घ्यावी आणि ती ६ ते ८ आठवडे आधी घ्यावी. हाफनंतर पाय खऱ्या अर्थाने मोकळे व्हायला दहा-बारा दिवस जातात, हे नवखे हमखास विसरतात.

अंतर जुळलं म्हणून लगेच नाव नोंदवू नका. तीन गोष्टी ताडून पाहा. मोठी शर्यत उघड्या पाण्यात असेल तर तालीमही उघड्या पाण्यातच हवी, कारण जलतरण तलावातल्या शर्यतीत दिशा धरायचा प्रश्नच येत नाही. मोठ्या मार्गावर चढ असतील तर इथेही थोडे असावेत. आणि ड्राफ्टिंगला परवानगी आहे का, हे बघा. काही स्प्रिंट शर्यतींत एकमेकांच्या मागे चिकटून चालवायला मुभा असते आणि तिथे टीटी (टाइम ट्रायलची, पुढे झुकून चालवायची) सायकल चालत नाही. हाफ एकट्याने, वाऱ्याशी झुंजत चालवायची असते. तिची तालीम घोळक्यात होत नाही.

२. एकच मुख्य प्रश्न ठरवा

घोडं पेंड खातं ते इथेच. नवखा माणूस छोट्या शर्यतीला जातो, आजूबाजूचे सुसाट सुटलेले बघतो आणि आपणही जीव तोडून पळतो. वेळ छान येते. पण महिन्यानंतर हाफमध्ये काय करायचं, हे त्याला आदल्या दिवशी जितकं ठाऊक होतं तितकंच ठाऊक असतं.

आधीच एक प्रश्न लिहून काढा. उदाहरणार्थ:

- सायकलवर तासाला ७० ग्रॅम कर्बोदकं घेतली तर धावताना पोट साथ देतं का?
- ठरवलेली ताकद ४० किमी सांभाळून मग नीट धावता येतं का?
- गर्दीत पहिल्या २०० मीटरमध्ये मी घाबरतो का?

प्रश्नाप्रमाणे शर्यतीची पद्धत बदलते. पोट तपासायचं असेल तर हाफच्या वेगानेच चालवा. गर्दीची भीती घालवायची असेल तर कडेला न थांबता मधल्या रांगेतून सुरुवात करा. आणि खरंच जोर लावून बघायचाच असेल, तर मधला मार्ग असा: सायकलचे पहिले २५ किमी हाफच्या वेगाने, उरलेले १५ मोकळे सोडून, आणि धावणं पूर्ण ताकदीने. कुवतही कळते आणि संयमाची सवयही लागते.

३. नोंदणी आणि कागदपत्रं

- फोटो असलेलं मूळ ओळखपत्र. फोनमधला फोटो सगळीकडे चालत नाही.
- नोंदणीचा मेल किंवा क्यूआर कोड. एक छापील प्रतही ठेवा.
- मागितलं असेल तर डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र. किती दिवसांच्या आतलं हवं, ते आधी वाचा.
- जिथे लागतो तिथे फेडरेशनचा परवाना, किंवा एका दिवसाचा परवाना.
- रक्तगट आणि आपत्कालीन संपर्क. बिबच्या (अंगावर लावायच्या नंबराच्या कागदाच्या) मागे हे लिहायला जागा असते. ती कोरी ठेवू नका.

नेहमीचे सापळे दोन. किट बहुतेक वेळा आदल्या दिवशीच मिळतं, शर्यतीच्या सकाळी नाही. आणि वयोगट ठरतो तो त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला तुमचं वय किती असेल त्यावरून, त्यामुळे यादीत आपलं नाव 'चुकीच्या' गटात दिसलं तर आधी हे तपासा. दुसऱ्याच्या बिबवर धावायचा विचारही नको. पकडलं गेल्यास बाद होणं वेगळंच, पण बेशुद्ध पडलात तर डॉक्टरांच्या हातात भलत्याच माणसाची माहिती जाईल.

४. सामान

नियम एकच: मोठ्या दिवशी जे वापरणार तेच इथे. तेच बूट, तेच मोजे, तोच ट्रायसूट (तिन्ही टप्प्यांत घालायचा पोशाख), तेच जेल.

पोहण्यासाठी: दोन गॉगल (एक गडद, एक फिकट काचेचा), स्वतःची एक जास्तीची कॅप, वेटसूट (गार पाण्यात ऊब देणारा रबरी सूट), आणि मान व काखेत लावायला व्हॅसलीन किंवा घर्षण रोखणारं क्रीम. काही वेटसूटला व्हॅसलीन चालत नाही, उत्पादकाची सूचना बघा.

सायकलसाठी: हेल्मेट, बूट, रेस बेल्ट (बिब अडकवायचा पट्टा), दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर, पंप किंवा टायर भरायच्या १६ ग्रॅमच्या दोन सीओ२ नळ्या, मल्टी-टूल. हँडलच्या दोन्ही टोकांना बूच असायलाच हवं. उघडी नळी दिसली तर तपासणीत सायकल अडवतात, आणि नेमकं हेच बूच प्रवासात पडून हरवतं.

धावण्यासाठी: इलॅस्टिक लेस लावलेले बूट, मोजे, टोपी.

वेटसूटबद्दल एक खास गोष्ट. वर्ल्ड ट्रायथलॉनच्या (या खेळाच्या जागतिक संघटनेच्या) नियमांत वयोगटातल्या स्पर्धकांना १५०० मीटरपर्यंतच्या पोहण्यात पाणी २२ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की वेटसूट घालता येत नाही. त्याहून लांब अंतराला ही मर्यादा २४.६ अंश आहे. म्हणजे २३ अंशांच्या त्याच पाण्यात ऑलिम्पिकला वेटसूट बंद आणि हाफला चालू, असं होऊ शकतं. तालमीत वेटसूट उतरवायचा सराव होईल या भरवशावर राहू नका. तो वेगळा करून ठेवा: सूट घालून पोहा, बाहेर येऊन धावत-धावत कमरेपर्यंत सोला, मग उभ्याने एका पायाने दुसऱ्या पायाचा सूट दाबून काढा. वेळ मोजणाऱ्या चिपचा पट्टा सुटावर न बांधता सुटाखाली, घोट्याच्या कातडीवर बांधा आणि डाव्या पायाला बांधा. उजव्या बाजूला साखळी असते.

५. आधीचा आठवडा

पूर्ण टेपर नको. तो मोठ्या शर्यतीसाठी राखून ठेवा. शेवटच्या ३-४ दिवसांत व्यायामाचा वेळ साधारण एक तृतीयांशाने कमी करा, आणि आदल्या दिवशी वीस मिनिटं सायकल, दहा मिनिटं धावणं, मध्ये दोन-तीन छोटे जोरदार झटके. सायकलची सर्व्हिसिंग आठवडाभर आधी करून घ्या. आदल्या दिवशी नवी साखळी बसवणं म्हणजे शर्यतीत गिअर उड्या मारण्याला आमंत्रण.

६. ट्रान्झिशनची जागा मांडणं

ट्रान्झिशन म्हणजे एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना सामान बदलायची जागा. रॅकवर सायकल बहुधा सीटच्या टोकावर किंवा ब्रेक लिव्हरवर टांगतात. निघताना पायाला जड जाणार नाही असा हलका गिअर टाकून ठेवा. एकच लहान टॉवेल अंथरा आणि सामान हाताला ज्या क्रमाने लागेल त्याच क्रमाने मांडा. हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे बाहेर पसरलेले, उन्हाचा गॉगल आत. टॉवेलवर पुढे सायकलचे बूट, मागे धावण्याचे. रेस बेल्ट हेल्मेटखाली. मोजे गुंडाळून अर्धे उलटे ठेवले तर ओल्या पायावर पटकन चढतात.

मग रिकाम्या हाताने तीन फेऱ्या मारा: पाण्याकडून आत येऊन सायकलपर्यंत, सायकलपासून माउंट लाइनपर्यंत (जिथून सायकलवर बसायचं), डिसमाउंट लाइनपासून (जिथे उतरायचं) परत रॅकपर्यंत. रांगा मोजा. 'निळ्या बॅगेच्या शेजारी' अशी खूण धरू नका. ती बॅग तिचा मालक केव्हाच उचलून नेतो.

हवा शर्यतीच्या सकाळीच भरा. सायकल आदल्या दिवशी ठेवायची असेल तर थोडी हवा काढून ठेवा, कारण उन्हात तापलेल्या रॅकवर गच्च भरलेली ट्यूब फुटू शकते. लेटेक्स ट्यूब तर रात्रीत आपोआप उतरते. पंप आत न्यायला परवानगी आहे का, हे विचारून घ्या. ट्रान्झिशन ठरल्या वेळी बंद होतं, मग कितीही विनवण्या केल्या तरी आत सोडत नाहीत.

एक फरक लक्षात ठेवा. बऱ्याच मोठ्या शर्यतींत सामान सायकलपाशी ठेवूच देत नाहीत. सायकलसाठी एक पिशवी, धावण्यासाठी दुसरी, आणि दोन्ही नंबराप्रमाणे टांगलेल्या. छोट्या शर्यतीत ही तालीम होत नाही. घरी दोन पिशव्या भरून, ओल्या अंगाने बसून, पिशवीतून कपडे काढून घालून बघा. मोजा पिशवीच्या तळाशी गेला की किती वेळ जातो, हे एकदाच कळावं आणि ते घरी कळावं.

७. पोहणं

सुरुवातीच्या २०-३० मिनिटं आधी पाण्यात उतरा. चेहरा बुडवून सावकाश फुगे सोडा, मग पाच-सहा मिनिटं पोहा. गार पाण्याचा पहिला धक्का शर्यतीआधीच बसून गेलेला बरा. गॉगलचा पट्टा कॅपच्या खाली ठेवा. लाथ बसली तरी गॉगल निदान डोक्यावर राहतो.

दर ६-८ हातांनंतर डोळे पाण्याबाहेर काढून दिशा बघा. बॉय (पाण्यावर तरंगणारी मार्गाची खूण) दिसत नसेल तर मागची एखादी उंच गोष्ट धरा. हे किती महत्त्वाचं, ते आकड्यांत बघा. हाफमध्ये पोहण्यासाठी बऱ्याच ठिकाणी १ तास १० मिनिटांची मर्यादा असते, म्हणजे १०० मीटरला ३ मिनिटं ४१ सेकंद. जलतरण तलावात तुमचा वेग १०० मीटरला ३:२० असेल तर १.९ किमी ६३ मिनिटं २० सेकंदांत होतं. सात मिनिटं हातात आहेत असं वाटतं. आता नागमोडी पोहून अंतर १० टक्के वाढलं, म्हणजे २.०९ किमी झालं, की लागतात ६९ मिनिटं ४० सेकंद. उरले वीस सेकंद. छोट्या शर्यतीनंतर घड्याळातला पोहण्याचा नकाशा उघडून बघा. १.५ किमीऐवजी १.७ दिसलं तर पुढचे तीन आठवडे हातांच्या ताकदीपेक्षा डोळ्यांवर काम करा. मनगटावरचं जीपीएस पाण्यात थोडं चुकतं, पण नकाशावर तुम्ही कुठे भरकटलात ते साफ दिसतं.

धाप लागली, छातीवर दडपण आलं तर पाठीवर वळा, हात वर करा, कयाक किंवा बॉय धरा. धरून पुढे सरकत नाही तोवर नियमात हे चालतं, बाद करत नाहीत. छातीत दुखणं किंवा खोकल्यातून गुलाबी फेस येणं ही थांबायची खूण आहे. ट्रायथलॉनमधले बहुतेक मृत्यू पोहण्याच्या टप्प्यात होतात. चाळिशी उलटलेल्यांनी किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी मोठं अंतर घेण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं.

८. टी१ (पोहण्यातून सायकलकडे) आणि सायकल

पाण्याबाहेर आल्यावर उभं राहताना गरगरतं. धावू नका, वीस पावलं चाला. रॅकपाशी आल्यावर क्रम ठरलेला: आधी हेल्मेट, क्लिप 'टक्' वाजेपर्यंत, मगच सायकलला हात. क्लिप न लावता सायकल रॅकवरून काढली तर दंड. परत आल्यावर उलट: सायकल रॅकवर गेल्याशिवाय क्लिप सोडायची नाही. माउंट लाइन ओलांडल्यावरच सायकलवर बसा. बूट पेडलला अडकवून उडी मारून बसण्याची करामत आधी पन्नास वेळा मोकळ्या मैदानात जमलेली असेल तरच करा.

ड्राफ्टिंगबंदी असलेल्या शर्यतीत वर्ल्ड ट्रायथलॉनच्या नियमांनुसार स्प्रिंट आणि ऑलिम्पिकला १० मीटर अंतर आणि ओलांडायला २० सेकंद, मध्यम व लांब अंतराला १२ मीटर आणि २५ सेकंद. हे अंतर पुढच्या सायकलच्या पुढच्या चाकापासून धरतात. आयोजकांचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून स्पर्धकांसाठीची माहितीपुस्तिका वाचा. तालमीतच १२ मीटर पाळायची सवय लावा.

आता वेग. तुमचा एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारी कमाल ताकद) २०० वॅट असेल तर ऑलिम्पिकचे ४० किमी ९० टक्क्यांनी, म्हणजे १८० वॅटने निभतात. हाफला ७५ ते ८० टक्के, म्हणजे १५० ते १६० वॅट. दोन्हींत २०-३० वॅटचं अंतर आहे. छोट्या शर्यतीत १८० सहज जमले म्हणून हाफला १७५ धरणारा माणूस सायकलवरून खुशीत उतरतो आणि धावण्याच्या बाराव्या किलोमीटरला चालायला लागतो. पॉवर मीटर नसेल तर बोलून बघा: हाफच्या वेगात एक पूर्ण वाक्य न अडखळता म्हणता आलं पाहिजे. दोन-तीन शब्दांवरच श्वास तुटत असेल तर तो ऑलिम्पिकचा वेग आहे.

खाण्याचा हिशेब तालमीत कागदावर करा. हाफला सायकल तीन तास चालणार असेल आणि तासाला ७० ग्रॅम घ्यायचे असतील तर लागतात २१० ग्रॅम. दोन बाटल्यांत ८०-८० ग्रॅमची पावडर आणि २५ ग्रॅमचे दोन जेल, झाले २१०. तालमीत दीड तासाच्या सायकलला याच्या निम्मं, म्हणजे एक बाटली आणि एक जेल. छोट्या शर्यतीला एवढ्या खाण्याची गरज नसते हे खरं, पण तपासायचं आहे ते पोट. पहिली दहा मिनिटं फक्त पाणी, मग दर पंधरा मिनिटांनी घोट, त्यासाठी घड्याळाला गजर लावा. जेल पाण्यासोबतच घ्या. गोड पेयासोबत घेतलं की पोटात साखर साठते आणि धावताना मळमळ सुरू होते. जेलची टोकं आधीच किंचित फाडून सायकलच्या टॉप ट्यूबवर चिकटवतात, पण पट्टी जास्त घट्ट लागली तर अख्खं पाकीट निघत नाही, फाटकं टोकच हातात येतं आणि जेल सगळ्या हँडलला लागतं. घरी एकदा ओढून बघा.

पंक्चर झालं तर दुरुस्ती स्वतःच करायची. ओळखीच्या माणसाने रस्त्यावर येऊन मदत केली तर ती बाहेरची मदत ठरते. मागचं चाक काढून ट्यूब बदलायला घरी किती मिनिटं लागतात, ते शर्यतीआधी मोजून ठेवा.

९. टी२ (सायकलवरून धावण्याकडे) आणि धावणं

डिसमाउंट लाइनच्या आधी उतरा. शेवटच्या किलोमीटरला हलक्या गिअरवर पाय भराभर फिरवा, मांड्या थोड्या मोकळ्या होतात. बिब सायकलवर मागे, धावताना पुढे. रेस बेल्ट फिरवला की झालं.

मोजे घाला. छोट्या शर्यतीत पंधरा सेकंद वाचवायला अनेक जण मोज्यांशिवाय धावतात. ५ किमीला ते खपून जातं, पण २१ किमीला टाचेला फोड येतात. तुम्ही हाफची तालीम करताय, मोजे घालायचीही तालीम करा.

पहिल्या किलोमीटरला पाय दुसऱ्याचेच वाटतात आणि आपण रांगतोय असं वाटतं. घड्याळ बघा: बहुतेक वेळा ठरवल्यापेक्षा जोरात धावत असता. पावलं छोटी ठेवा. पोटरीत गोळा आला तर थांबून ताणा, लंगडत धावल्याने दुसऱ्या पायावर ताण येतो. इयरफोन जवळजवळ सगळीकडे बंद आहेत, आणि कचरा ठरवलेल्या टप्प्याबाहेर टाकला तरी दंड होतो.

१०. दुसऱ्या दिवशीची वही

चोवीस तासांच्या आत लिहा, नाहीतर फक्त पदक आठवतं. नोंदी अशा दिसाव्यात:

- टी१: ४ मि. १० से. चिप सुटावर बांधली होती, सूट घोट्यात अडकला. → चिप सुटाखाली.
- सायकल: पहिले ५ किमी १९५ वॅट, ठरवलेले १६०. → पहिल्या दहा मिनिटांना वरची मर्यादा १६५.
- पोट: दुसऱ्या तासात ढेकर. जेल पेयासोबत घेतलं. → जेलसोबत साधं पाणी.
- धावणं: ७ किमीनंतर उजवी टाच. → मोज्याची शिवण तपास.

प्रत्येक नोंदीला बाण हवा. बाण नसेल तर ती तक्रार झाली. एका वेळी दोनच गोष्टी बदला आणि त्या पुढच्या दोन आठवड्यांच्या ब्रिक सरावात, म्हणजे सायकलनंतर लगेच धावताना, तपासा. शेवटचे दहा दिवस काहीही नवं नको. सीटची उंची बदलणं तर अजिबात नको.

स्प्रिंटनंतर दोन-तीन दिवस, ऑलिम्पिकनंतर चार-सहा दिवस हलकंच ठेवा. झोपेतून उठल्यावरची नाडी नेहमीच्या पातळीवर आली आणि जिना उतरताना मांड्या कुरकुरल्या नाहीत की जोराचा सराव सुरू करा.

शर्यतीहून परतल्यावर त्याच संध्याकाळी वेटसूट गोड्या पाण्यात खळबळून सावलीत वाळत घाला, साखळी पुसून तेल द्या आणि सीटखालची पिशवी उघडा. वापरलेली ट्यूब आणि रिकामी सीओ२ नळी तिथेच राहिलेली असते. त्यांच्या जागी लगेच नवी भरा.